एक काना कमी

आधी 'ने'ची मात्रा गेली. मग न गेला. मग 'रू'चा ऊकार.

मी टेबलाशी उभा राहून बघत होतो. लॅपटॉपला माझा हात लागलेला नव्हता. पडद्यावरची ती उभी रेघ आपली आपण मागे सरकत होती आणि सरकताना एकेक अक्षर गिळत होती. जरा थांबायची, परत एक गिळायची. शेजारी कोणी बसून सावकाश खोडत असावं, तसं.

बायकोचं शेवटचं वाक्य होतं ते. म्हणजे तिचं नव्हे, कोणा घरमालकाचं. ती घरी बसून टायपिंगची कामं करायची. अर्ज, करारनामे, कोणाचे निबंध, कोणाचे हिशेब. त्या दिवशी तिच्याकडे भाडेकरार होता. 'सदर जागा सोडताना भाडेकरूने' एवढं टाइप करून ती थांबली. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांना म्हणाली, "जरा पाठ टेकते." आत जाऊन आडवी झाली ती उठली नाही. मी तेव्हा कामावर होतो. घरमालक नंतर येऊन त्याचा कच्चा कागद घेऊन गेला. त्याने करार दुसरीकडे टाइप करून घेतला असणार. तिच्या टेबलावर राहिलं ते एवढं अर्धं वाक्य आणि त्याच्या टोकाला उघडझाप करणारी रेघ.

मी लॅपटॉप बंद केला नाही. पहिल्या दिवशी सुचलंच नाही. नंतर सुचलं तेव्हा लक्षात आलं, की एकदा बंद केला तर परत चालू करताना तो पासवर्ड मागणार, आणि पासवर्ड तिच्याबरोबर गेला. तिने पडदा विझायचा नाही अशी सोय करून घेतली होती. कागद वाचून होईपर्यंत पडदा झोपायचा नि तिला वैताग यायचा. त्यामुळे तो जागाच राहिला. मी चार्जरची पिन काढली नाही. लाइट गेले तर काय, म्हणून इन्व्हर्टर बसवून घेतला. लेकीला सांगितलं, पंख्यासाठी. लेक दुसऱ्या गावी असते. तिला मूल झालं. ती फोनवर म्हणायची, "बाबा, येताय ना? नातवाला बघायचंय की नाही?" मी म्हणायचो, इथे कामं आहेत.

कामं होती, पण मी बरीच सोडून दिली होती. मी लिफ्ट दुरुस्त करतो. कोणी आत अडकलं की मला फोन येतो. गेलो की आधी मी दाराला तोंड लावून बोलतो. "आत किती जण आहात? घाबरू नका. दाराला हात लावू नका. मी बाहेर आहे." अडकलेला माणूस दार ओढत बसतो, आणि दार ओढलं की काम वाढतं. बाहेरच्या दाराची किल्ली बाहेरच्या माणसाकडे असते. आतल्याने फक्त थांबायचं असतं. हे मी इतक्यांदा बोललोय की घरीही बोलायचो. मग बायको माझी नक्कल करायची. मी जेवणाआधी पातेल्याचं झाकण उचललं की स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून माझ्याच आवाजात, "हात लावू नका. मी बाहेर आहे." आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यावरूनही ती मला सोडायची नाही. पिशव्या घेऊन वर आली की दम टाकत म्हणायची, "लिफ्टवाल्याशी लग्न केलं नि जिने चढतेय."

तर तो दिवस. माझं पोट दोन दिवस बिघडलं होतं. एकट्याचं खाणं, कधीचं काय उरलेलं. शेजारच्या वहिनींनी दम दिला म्हणून साखरमिठाचं पाणी करून पीत होतो. सकाळी तांब्या घेऊन टेबलाशी बसलो. तिथे रोज बसायचो. वाक्य वाचायचो आणि उठायचो. उठताना भोवळ आली, टेबलाला हात टेकायला गेलो आणि तांब्या आडवा झाला.

ह्या धंद्यात मी कोणाला शिकवलं असेल तर एकच गोष्ट: आधी मेन बंद, मग हात. पाणी आणि करंट एकत्र आले की पहिल्यांदा करंट काढायचा. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि मी लॅपटॉप बंद केला नाही. पालथा केला, टॉवेलने टिपला, पंखा लावला, पण पिन तशीच ठेवली. पडदा चालू होता. वाक्य जागेवर होतं. मला वाटलं, निभावलं.

दुपारी अक्षरं जायला लागली.

मी सगळी बटणं दाबून पाहिली. काही ऐकेना. खोडायचं बटण आतल्या आत चिकटलं होतं, किंवा खालून पाण्याने जोडलं गेलं होतं, काहीतरी तसं. 'भाडे' उरलं. मग 'भा'. तेव्हा कुठे मी चालू-बंदचं बटण दाबून धरलं. ते बराच वेळ दाबून धरावं लागतं. तेवढ्यात आणखी किती गेलं ते मी पाहिलं नाही. मी बटणाकडेच बघत होतो. मग पडदा काळा झाला आणि त्यात माझं तोंड दिसलं.

*

माझा मेव्हणा लॅपटॉप दुरुस्त करतो. त्याला घरात सगळे बॅटरी म्हणतात, लहानपणापासून जाड चष्मा आहे म्हणून. बायकोपेक्षा बराच धाकटा. तिनेच कडेवर घेऊन फिरवलेला. त्याचं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. आत शिरताना वाकावं लागतं आणि आत गेल्यावरही सरळ उभं राहता येत नाही. भिंतीला मेलेले लॅपटॉप पुस्तकांसारखे उभे लावलेत. डोक्यावरून माणसं चढतात-उतरतात त्यांचे पाय वाजत असतात.

मी पिशवी पुढे केली. त्याने लॅपटॉप काढला नि लगेच ओळखला.

"ताईचा?"

"हो."

"काय सांडलं?"

"पाणी."

"साधं पाणी?"

"साखरमिठाचं."

त्याने चष्मा कपाळावर नेला. "दाजी, जगात एवढं पाणी पडलंय, तुम्हाला हेच सापडलं? मीठ नि साखर! एक खातं आणि दुसरं चिकटवतं."

"पोट बिघडलं होतं."

"आता ह्याचंही बिघडलंय. कधी सांडलं?"

"सकाळी."

"आणि बंद कधी केला?"

मी पिशवीची घडी घालायला लागलो.

"दाजी, बंद कधी केला?"

"दुपारी."

"तुम्ही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बल्ब बदलायचा म्हटला तरी अख्ख्या घराची मेन पाडणारे तुम्ही? मी एकदा चालू बोर्डात टेस्टर घातला तर सगळ्यांसमोर कान पिळला होतात माझा!"

"काम कर ना," मी म्हणालो.

त्याने एक कोरा कागद घेतला आणि त्यावर लॅपटॉपचा चौकोन काढला. लॅपटॉप पालथा केला. एकेक स्क्रू काढायचा आणि चौकोनात त्याच्या जागी टिकटेपने चिकटवायचा, अशी त्याची पद्धत. कोपऱ्यातले लांब, मधले आखूड. "आखूडच्या जागी लांब गेला की बोर्डाला भोक पडतं," तो म्हणाला. "लिफ्टमध्ये असं नसेल तुमच्या."

"लिफ्टमध्ये भोक पडलं की माणूस पडतो."

"बरं, जिंकलात." तो हसला. मग प्लास्टिकची पट्टी फटीत घालून त्याने कडेकडेने झाकण सोडवत नेलं. शेवटचा कोपरा सुटताना टक असा आवाज झाला, आणि झाकण आपोआप वर आलं.

तो थांबला. "मागे व्हा जरा."

"का?"

"फुगलीय."

आतली बॅटरी भरलेल्या उशीसारखी झाली होती. त्याने आधी तिची वायर सोडवली, मग दोन्ही हातांनी हळूच उचलून बाहेर नेली, पायरीवर ठेवली. परत आला तो चष्मा पुसत.

"किती दिवस चार्जिंगला होता?"

"तेव्हापासून."

"केव्हापासून?"

"ती गेल्यापासून. बंदच केला नाही."

डोक्यावरून कोणीतरी जड पायांनी चढून गेलं. ते वर पोचेपर्यंत बॅटरी चष्माच पुसत राहिला.

"पेटला असता, दाजी," तो म्हणाला. "ही फुटली असती ना, तर घर गेलं असतं. तुम्ही झोपेत असता तर तुम्हीही." मग एकदम आवाज चढला. "फोनवर मी विचारतो, दाजी कसे आहात, तर म्हणे मजेत. मजेत! कशासाठी ठेवला होतात चालू?"

मी त्याला वाक्याचं सांगितलं. सांगताना मलाच ते फार थोडं वाटलं. एका परक्या माणसाच्या करारातले चार शब्द.

"त्यासाठी? अहो, डिस्क काढून दुसऱ्याला जोडली की सगळ्या फायली मिळतील. फोटो, तिची कामं, सगळं. हा कशाला हवाय?"

"फायली नकोत मला."

"मग काय हवंय?"

"ती उठली तेव्हा जसं होतं तसं. तेवढंच."

तो माझ्याकडे बघत होता. मग त्याने दिवा खाली ओढला आणि काम सुरू केलं.

आत मी कधी बघितलं नव्हतं. लिफ्टच्या मशीनरूममध्ये प्रत्येक गोष्टीला जागा असते. हातभर अंतर असतं. इथे सगळं एकमेकांवर बसलेलं. की-बोर्डची पातळ पट्टी बोर्डाला जिथे जोडते तिथे पांढरट हिरवा थर आला होता, नळाच्या तोटीला येतो तसा. त्याने ती पट्टी खिळीतून सोडवली. दातांच्या ब्रशने स्पिरिट लावून तो थर घासायला लागला. घासायचा, टिपायचा, भिंगातून बघायचा, परत घासायचा. स्पिरिटच्या वासाने मला दवाखाना आठवला. मी तोंड दाराकडे केलं.

"दाजी, हे बघा."

पंख्याच्या पात्यांत केस गुंतले होते. त्याने चिमट्याने एकेक काढले. लांब, मुळाशी पांढरे आणि पुढे रंगवलेले काळे. टेबलाखाली कचऱ्याचा डबा होता. त्याचा हात तिकडे गेला आणि मधेच वळला. केस त्याने त्या कागदावर ठेवले, लॅपटॉपच्या चौकोनाच्या बाहेर, एका बाजूला. वरून टेपचा तुकडा लावला. स्क्रूंना लावला होता तसाच.

"ह्याच्यावर वाकून बसायची," तो म्हणाला. "मी शंभरदा सांगितलं, ताई, मान मोडेल."

"मीही सांगायचो."

"ऐकायची थोडीच."

की-बोर्ड वाचणार नव्हता. त्याने तो उलटा करून दाखवला, साखरेचे ओघळ वाळून चकचकत होते. सुलटा केल्यावर मला त्याची बटणं दिसली. सगळ्यात जास्त लागणाऱ्या बटणांवरची अक्षरं पुसून गेली होती. ती बटणं नुसती गुळगुळीत काळी. तिला अक्षरं बघावी लागत नसत.

"नवा मागवतो," बॅटरी म्हणाला. "आज बोर्ड वाळू दे. उद्या दुसरा की-बोर्ड बाहेरून जोडून बघू, उठतोय का."

*

घरी आलो तर टेबल मोकळं होतं. धुळीत लॅपटॉपएवढा स्वच्छ चौकोन. इन्व्हर्टर घुं घुं करत होता, कशासाठी कोण जाणे. लेकीचा फोन आला.

"मामा सांगत होता," ती म्हणाली. "बाबा, तुम्ही ह्यासाठी येत नव्हतात?"

"बॅटरीच्या पोटात काही राहत नाही."

"बाबा."

"लाइट गेले असते तर?" मी म्हणालो.

मागे बाळ कुरकुरत होतं. "आता तर बंदच आहे ना," ती म्हणाली. "आता या."

"उद्या कळेल," म्हटलं. "उद्या बघू."

फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. आता घरात सांभाळायचं काही नव्हतं. कुठेही जाता आलं असतं. मी तिथेच उभा राहिलो आणि परत आत आलो.

*

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने लॅपटॉप बॅटरीशिवाय, नुसत्या चार्जरवर लावला. बाहेरून एक जुना की-बोर्ड जोडला. झाकण उघडंच होतं, आतला पंखा दिसत होता. बटण दाबलं. काही नाही. त्याने मीटरची टोकं इथे-तिथे टेकवली, एका ठिकाणी परत ब्रश मारला, तोंडाने फुंकर घातली. परत दाबलं. पंखा फिरला.

"उठला," तो म्हणाला. "ताईसारखा नाही, तुमच्यासारखा. हाक मारल्यावर दुसऱ्यांदा."

पडदा उजळला आणि त्यावर ती चौकट आली. पासवर्ड.

"आता इथेच संपलं," मी म्हणालो. "म्हणून तर बंद करत नव्हतो. पासवर्ड कोणाला माहीत आहे?"

बॅटरीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"मला," तो म्हणाला.

"काय?"

"मला माहीत आहे. मीच बसवून दिला होता ना तिला हा. पासवर्ड काय ठेवू विचारलं तर पोट धरून हसत होती. तुम्ही मला कधी विचारलंच नाहीत, दाजी."

मी विचारलं नव्हतं. लेकीला नाही, ह्याला नाही, कोणाला नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की चालू का ठेवलाय. इतके महिने मी आतून दार धरून बसलो होतो आणि किल्ली इथे जिन्याखाली होती.

"काय आहे?" मी विचारलं.

त्याने सांगण्याऐवजी टाइपच केलं. इंग्रजी अक्षरांत, सलग, तोंडाने म्हणत. "हात... लावू... नका."

मी हसलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसलो असेन, आणि ते हसणं मधेच बिनसलं. बॅटरीने पाण्याची बाटली पुढे केली आणि लगेच मागे घेतली. "नको, पाणी नको. लांब बसून प्या."

करार परत उघडला गेला. तो म्हणाला, प्रोग्रॅम मधून मधून आपलं आपण साठवत असतो, शेवटचं साठवलेलं तेवढं मिळतं.

"म्हणजे सकाळीच बंद केला असता तर?"

"तर पुरं मिळालं असतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "जाऊ दे."

त्याने पान खाली खाली नेलं. अटी, पोटअटी, अनामत, वीजबिल. सगळं तिने नीट ओळी साधून टाइप केलेलं. शेवटच्या ओळीशी तो थांबला.

'सदर जागा सोड'

पुढे ती रेघ, उघडझाप करत.

'भाडेकरूने' नव्हतंच. 'ताना'ही गेलं होतं. बॅटरीने ओठ हलवत वाचलं. "सदर जागा सोड," तो मोठ्याने म्हणाला. "दाजी, ताईने हुकूमच दिलाय की. ऐका आता. निघा." तो हसला, आणि माझ्याकडे बघून त्याने हसू आवरलं.

"हे तिचं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"सगळा जन्म तिने मला अहो म्हटलं. भांडताना सुद्धा. ती मला 'सोड' कसं म्हणेल? म्हणायचंच असतं तर 'सोडा' म्हणाली असती."

त्याने परत पडद्याकडे बघितलं. "म्हणजे एक काना कमी आहे."

"एक काना कमी आहे."

त्याने की-बोर्ड माझ्याकडे सरकवला. "मग टाका. ह्या बटणावर आहे बघा. एकदा दाबायचं."

मी बोट त्या बटणावर नेलं. दाबलं नाही.

"तो मी टाकलेला होईल," मी म्हणालो.

"मग मूळचं टाका. 'ताना भाडेकरूने'. पाठ आहे ना?"

"आहे."

"मग?"

"तेही मीच टाकलेलं होईल."

त्याने की-बोर्ड परत आपल्याकडे ओढला. वरून कोणी तरी धडधडत उतरलं. थोड्या वेळाने म्हणाला, "फाइल साठवतो. नवा की-बोर्ड आलाय, बसवायचा तर बंद करावा लागेल. करू?"

"थांब," म्हटलं. "मेन मी पाडतो."

त्याने बाण कुठे न्यायचा ते दाखवलं. मी बंद केला. पंखा थांबेपर्यंत हात बाजूला ठेवला. मग भिंतीवरचं बटण पाडलं, पिन काढली, आणि त्याला म्हणालो, "आता घाल हात."

*

लॅपटॉप आता घरी आहे. नवा की-बोर्ड आहे, बटणांवर सगळी अक्षरं ठळक आहेत. बॅटरी नवी आहे. जुना की-बोर्ड त्याने कागदात गुंडाळून दिला, तो कपाटात आहे. स्क्रूचा कागदही त्याने दिला. स्क्रू सगळे परत गेले, टेपखाली तेवढे केस आहेत.

रोज सकाळी मी तो चालू करतो, पासवर्ड टाकतो, शेवटच्या पानावर जातो. मग बंद करतो आणि पिन काढतो. अडकलेल्यांचे फोन आले तर आता जातो. लेक विचारते, कधी येताय. मी म्हणतो, एवढं एक काम उरकलं की निघालो.

"कसलं काम?"

"टायपिंगचं."

"तुम्ही कधीपासून टायपिंग करायला लागलात?" ती हसते. मागे बाळाचा आवाज येतो. आता ते हसतंही म्हणे.

वाक्य 'सोड'पाशी आहे. पुढे काना द्यायचा, की 'ताना भाडेकरूने' टाइप करून तिचं तिला परत द्यायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. टाइप करायचं राहिलं आहे आणि निघायचंही.